संगणकाचा दुभाष्या



संगणकाला मराठी कळत नाहीं आणि इंग्रजीही कळत नाहीं. त्याला कळतात त्या केवळ आंकड्यांत मांडलेल्या यंत्राज्ञा. माणसानें आपल्या सोयीच्या भाषेंत लिहिलेला हुकूम त्या यंत्राज्ञांत उतरवून देणारा जो दुभाष्या, त्यास कंपायलर म्हणतात.

त्याचें काम एका उदाहरणानें पाहूं. समजा, जवळा बाजारच्या पेठेंत एका शेतकऱ्याचें १० क्विंटल सोयाबीन विकलें गेलें. दर ४,००० रुपये, हमाली २०० रुपये. हिशेबाचें वाक्य असें: रक्कम = वजन × दर − हमाली. कंपायलर प्रथम पदच्छेद करून या ओळींतील सात पदें निराळीं काढतो. नंतर अन्वय लावतो; गुणाकार आधीं, वजाबाकी मागाहून. असा अन्वय लागला तर शेतकऱ्याच्या पदरांत ३९,८०० रुपये पडतात. वजाबाकी आधीं धरली तर ३८,००० च! अक्षर एकही बदललें नाहीं, पण १,८०० रुपये बुडाले. श्लोकाचा अन्वय चुकला म्हणजे अर्थाचा अनर्थ होतो, तसेंच हें.

पुढें अर्थाची परीक्षा होते. वजनाच्या जागीं चुकून कोणाचें नांव तर आलें नाहीं ना, हें पाहिलें जातें. मग श्रमांची काटकसर. एकच गुणाकार दोनदां लागत असेल, तर तो एकदांच करून ठेवावयाचा. मात्र उत्तरांत रेसभरही फरक पडतां कामा नये. या काटकसरीच्या शास्त्रांत मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. धनंजय ढमढेरे यांनीं संशोधन केलें. तेथीलच प्रा. उदय खेडकर यांनीं अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला ग्रंथ २००९ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांत शेवटीं यंत्राज्ञा तयार होतात.

१९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. त्याला एका माणसाच्या १८ वर्षांइतके श्रम लागले असें सांगतात. आज महाविद्यालयांतील विद्यार्थी एका सत्रांत लहानसा कंपायलर रचूं शकतो, कारण मधल्या काळांत त्या रचनेचें शास्त्र बनलें. शिवाय रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जी. सी. सी. या कंपायलरचा मूळ मजकूर कोणालाही वाचावयास मोकळा आहे. खेडेगांवच्या मुलालाही ती पोथी उघडतां येते.

आपला व्यवहार ज्या दुभाष्याच्या तोंडून चालतो, त्याची भाषा जाणणारे चार लोक प्रत्येक गांवांत असावेत, हेंच हिताचें.