मूळ कागदांची पिशवी

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक एमडी डॉक्टर झाली. एमडीचा प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर मिळाला होता. आता वरिष्ठ निवासी डॉक्टरच्या जागेसाठी मुंबईला मुलाखत होती. पोरीनं एकटीनं कसं जायचं, यातच घरात दोन दिवस गेले! शेवटी ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि संभाजीनगरहून मायलेकी रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं निघाल्या. मुलाखतीला नुसत्या झेरॉक्स चालत नाहीत, म्हणून मूळ प्रमाणपत्रांची पिशवी ताईंनी रात्रभर उशाला घेतली. झोप कुठली! येताना एसटी केली. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला राज्यात अर्धं तिकीट आहेच. निकाल अजून यायचाय. कर्जाचा पहिला हप्ता मात्र ताईंनी कालच्या बैठकीत भरला.