फुलेवाडा बघायला जाताय? मग गंज पेठही बघा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून देतोय. बसमध्ये, मेट्रोत, जेवणाच्या सुट्टीत वाचून टाका.

आजचा विषय आहे पुण्यातला महात्मा फुले वाडा, म्हणजेच 'समता भूमी'. आणि त्याच्यासोबत, तो ज्या वस्तीत उभा आहे ती गंज पेठ. कागदोपत्री तिचं नाव आता महात्मा फुले पेठ आहे, पण रिक्षावाल्याला 'गंज पेठ' म्हटलं की लगेच कळतं.

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा दाखवतो, लाल महाल दाखवतो, केळकर संग्रहालयात नेतो. फुलेवाडा मात्र बऱ्याचदा राहून जातो. खरं तर मंडई मेट्रो स्टेशनला उतरलात तर पायी जाता येतं.

मंडईचीच एक गंमत सांगतो. जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. इमारत तरीही झाली, १८८६ मध्ये सुरूही झाली. आणि आज तिचं नाव काय? महात्मा फुले मंडई! नाव द्यायला आपण कधीच मागे नसतो. माणूस काय म्हणत होता, ते मात्र विसरून जातो.

आता वाड्यात जाऊ. वाडा म्हटल्यावर भव्य दरवाजा, नगारखाना असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. हे कौलारू, बैठं, साधं घर आहे. लाकडी खांब, चौक, भिंतींवर जोतीराव-सावित्रीबाईंच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारी चित्रं. अंगणात विहीर आणि जोतीरावांची समाधी. पंधरा मिनिटांत सगळं बघून होतं. म्हणूनच लोक फोटो काढतात आणि निघतात.

पण थोडं थांबा. या घराचं मोठेपण बांधकामात नाहीच. इथे कोणाकोणाला आत घेतलं, ते बघायला हवं.

१८६३ साल. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या ब्राह्मण विधवांसाठी फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, तेही स्वतःच्या घरी. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर आम्ही सांभाळू. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला. तो म्हणजे यशवंत.

१८६८ साल. घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. शाळेच्या पुस्तकात ही एका ओळीत संपणारी गोष्ट आहे. पण पाण्याला हात लावला म्हणून मार खावा लागायचा, असा तो काळ. आमच्या कामात एखादी गोष्ट 'प्रायव्हेट'ची 'पब्लिक' करायला एक शब्द बदलावा लागतो. इथे त्याची किंमत होती आपल्याच नात्यागोत्याचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष.

मग १८९७, प्लेगचं वर्ष. जोतीराव जाऊन सहा वर्षं झाली होती. यशवंत डॉक्टर झाला होता. त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, असं सांगतात. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

समाधीचीही एक गोष्ट आहे. आपल्याला मिठात घालून घराच्या आवारातच पुरावं, अशी जोतीरावांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी दिली नाही. शेवटी दहन झालं आणि अस्थी अंगणात आणून ठेवल्या.

आता गेटबाहेर या. आजूबाजूला दाटीवाटीची घरं, जुने वाडे, छोटी दुकानं, कारखाने. जवळच लोहियानगरची वस्ती, पलीकडे भवानी पेठेतला लाकूड बाजार. मार्केट यार्ड गुलटेकडीला जायच्या आधी पुण्याचा भुसार बाजार या नाना-भवानी पेठेतच होता. पोती वाहणाऱ्या हमालांची संघटना, हमाल पंचायत, बाबा आढावांनी याच भागात उभी केली. १९७४ मध्ये तिच्यातूनच 'कष्टाची भाकर' सुरू झालं, म्हणजे कष्टकऱ्यांना परवडेल असं जेवण. 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळसुद्धा बाबांचीच. १८६८ चा तो हौद आठवला ना? त्याचं पाणी शंभर वर्षांनी बऱ्याच लांबवर पोचलं.

आता मुद्द्याचं बोलतो. वाड्यापासून जवळच सावित्रीबाईंचं स्मारक आहे. ही दोन्ही स्मारकं जोडून मोठं स्मारक करायची सरकारची योजना आहे आणि त्यासाठी मधल्या घरांची जागा घ्यावी लागणार आहे. स्मारक मोठं व्हावं, असं मलाही वाटतं. ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला इथे पाय ठेवायला जागा नसते. राज्यभरातून माणसं येतात, बाया कडेवर पोरं घेऊन रांगेत उभ्या राहतात. त्यांना सावली, पाणी, स्वच्छतागृह मिळायलाच हवं.

पण मधल्या घरांत राहणारी माणसं कोण आहेत? पिढ्यान्‌पिढ्या पेठेत राहिलेली, बरीचशी भाडेकरू. त्यांचा धंदा, मुलांची शाळा, कामाची ठिकाणं इथेच चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट दिला, तर कागदावर पुनर्वसन होईल, पण रोजचा दीड तास आणि बसभाडं त्यांच्या खिशातून जाईल. म्हणून घरं याच पेठेत मिळायला हवीत, भाडेकरूंनाही मिळायला हवीत, आणि आधी मिळायला हवीत. ज्या घराने पेठेसाठी दार उघडलं, त्याच्या नावाने पेठेतलीच माणसं बाहेर गेली तर उरलेल्या मोकळ्या, फरसबंद जागेत आपण नेमकं काय बघणार?

भिडे वाडा आठवा. १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली, ती बुधवार पेठेतली इमारत वर्षानुवर्षं पडझडीला आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडली. तिथे आता नवं काहीतरी उभं राहील, मूळ भिंती नाहीत. गंज पेठेत घर आहे आणि शेजारही आहे. दोन्ही राखता येतील अशी वेळ अजून हातात आहे.

तर जा एखाद्या रविवारी. वाडा बघा, मग तासभर गल्ल्यांतून फिरा. चहा तिथेच प्या, दुकानदाराशी बोला, स्मारकाबद्दल त्याला काय वाटतं ते विचारा. जे ऐकाल ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये आपण ते सगळ्यांना ऐकवू.

चला, भेटू मग. काळजी घ्या!