मुंबईचा खंदक
(वर्धा जिल्ह्यांतील एका खेड्यांत दिलेलें व्याख्यान)



जनावर शिरूं नये म्हणून आपण धुऱ्याला चर खणतों. मी आज ज्या खंदकाविषयीं बोलणार, तो मराठे शिरूं नयेत म्हणून खणला गेला.

१७३७ सालीं चिमाजी अप्पाच्या फौजेनें साष्टी बेट घेतलें. पोर्तुगीजांनीं ठाण्याचा किल्ला बांधावयास काढला होता. तो पुरा होण्यापूर्वींच मराठे आंत आले. १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली. आतां मुंबई बेट आणि मराठे यांच्यामध्यें माहीमची खाडी तेवढी उरली. कंपनीचें धाबें दणाणलें. शहराला तट होता, पण त्यावर भरंवसा धरवेना. म्हणून तटाबाहेर जमिनीच्या बाजूनें खंदक खणावयाचें ठरलें. व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपये वर्गणी दिली. १७४३ पर्यंत खर्च झाला सुमारें २,५०,००० रुपये! शेटजींची वर्गणी पुस्तकांत नोंदली गेली. ज्यांनीं कुदळ मारली, त्यांचीं नांवें मला कोठें आढळलीं नाहींत.

कंपनी मोठी हुशार. इकडे खणती चालू असतां तिकडे तिनें कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पाकडे व गॉर्डनला साताऱ्यास शाहू महाराजांकडे धाडलें. १७३९ च्या जुलईंत तह झाला. मराठे मुंबईवर आलेच नाहींत.

आतां आपल्या भोसल्यांकडे वळूं. १७४२ सालीं रघूजी भोसल्यांची फौज भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखालीं बंगाल्यांत शिरली, तेव्हां कलकत्त्यासही असाच खंदक सुरू झाला. सात मैलांचा बेत. तीन मैल होऊन काम थांबलें. फौज तेथवर गेलीच नाहीं. पण खंदकाबाहेरच्या खेड्यांतल्या रयतेला कोण वांचविणार? तिला आमच्या स्वारांनीं लुटलें, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. बंगाली आया 'बर्गी' म्हणून पोरांना भिववीत. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याला स्वतःचें घोडें नाहीं, सरदाराच्या घोड्यावर जो लढतो, तो. गरिबानें गरिबाला लुटलें आणि चौथाईचा हिशेब वर गेला.

असो. मुंबईचा तट १८६२ नंतर पाडला, खंदकही बुजविला. तटावरून तोफेचा मारा नीट व्हावा म्हणून बाहेरची जमीन मोकळी राखली होती. तिचींच पुढें मैदानें झालीं. त्यांतलें एक आझाद मैदान. १२ मार्च २०१८ रोजीं नाशिकाहून पायीं आलेले हजारों शेतकरी, पायांचे फोड घेऊन, आपलें गाऱ्हाणें सांगावयास तेथेंच येऊन बसले होते.