मुलांच्या हाती पुस्तक द्या
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नव्हेत. आम्ही गिरणीतली माणसं. शाळा लवकर सुटली, पुढचं जे काही शिक्षण झालं ते पाळ्या सांभाळून वाचनालयाच्या बाकावर. म्हणून वाचनालयाबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटते.

आपल्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. त्या काळी पलटणीतली घरं सोडली तर आपल्या माणसाला शाळेची पायरी चढणं कठीण होतं, मग वाचनालय कुठलं! आज तो दरवाजा उघडा आहे. शासनाचं विभागीय ग्रंथालयही याच शहरात आहे. पण आपल्या वस्तीतली किती मुलं तिथे जातात? अनामत रक्कम भरायची म्हटलं की बाप विचार करतो, आणि आईला वाटतं, तिथे आपल्याला कोण विचारणार. एका वाचनालयात आमच्या ओळखीच्या बाईंना कारकुनाने, "पुस्तक फाडणार तर नाही ना तुमचा मुलगा?" असे विचारले. बाई परत गेल्या नाहीत. मुलगाही गेला नाही.

बाबासाहेबांचे चरित्र आठवा. ते इंग्रजीत लिहिणारे धनंजय कीर आपल्या रत्नागिरीचेच. बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत राहायचे. उशाशी जातं, पायाशी शेळी. रामजीबाबा त्यांना लवकर झोपवीत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवीत. बाबासाहेब शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक येत. त्यांनी या मुलाची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तकं दिली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तिथेही मध्यस्थी केळुसकरांचीच. पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे.

यात वाचनालयाची इमारत कुठे होती? बागेतला बाक होता, आणि मुलाची चौकशी करून त्याच्या हातात पुस्तक देणारा एक मोठा माणूस होता. आम्हाला वाटतं, वाचनालय म्हणजे तेवढंच. कपाट नंतर.

सयाजीरावांनी १९१० पासून बडोदे संस्थानात गावोगाव वाचनालयं काढली. जिथे ती नव्हती तिथे पुस्तकं भरलेल्या पेट्या पाठवल्या. गाव वाचून झालं की पेटी पुढच्या गावाला. आपल्या दोन-चार वस्त्यांच्या विहारांनी मिळून अशी एक पेटी फिरवली तर खर्च कितीसा येणार? एकाच विहाराने दोनशे पुस्तकं घेण्यापेक्षा चारांनी पन्नास पन्नास घ्यावीत.

आता पुस्तकं कोणती, हा वादाचा मुद्दा. ६ डिसेंबरला दादरला गेलेला आपला माणूस पुस्तक घेतल्याशिवाय परत येत नाही, ही आपल्या समाजाची मोठी कमाई आहे. पण तो जाडा ग्रंथ तिसरीतल्या पोराने कसा वाचायचा? त्याला चित्रांची पुस्तकं पाहिजेत, प्राण्यांच्या गोष्टी, चांदण्यांची माहिती, कोडी, विनोद. आमच्या काही कार्यकर्त्या मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, विहारात फक्त महापुरुषांची चरित्रं ठेवा. आम्ही म्हणतो, हसत हसत वाचायला लागलेलं पोर उद्या चरित्राकडे आपणहून वळेल, आणि कंटाळलेलं पोर कशाकडेच वळणार नाही.

दुसरी गोष्ट. अभ्यासिका निघाली की ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांची होते. ती मुलंही आपलीच, त्यांना शांतता हवी. पण म्हणून लहानग्यांना हाकलून द्यायचं? संध्याकाळी पाच ते सात लहान मुलं, सातनंतर मोठी, अशी वेळ वाटून घ्या. पाच ते सातमध्ये गलका होणारच. मोठ्याने वाचू द्या. घरी दोन खोल्यांत टीव्ही चालू, पाव्हणेरावळे, चुलीपाशी आई. पोराला पाठ म्हणायला जागा कुठे? आणि सातनंतर त्या मोठ्या मुलांतल्याच एका-दोघांनी आठवड्यातून एकदा लहानांना इंग्रजी आणि गणित दाखवायचं.

कोकणातला पाऊस विसरू नका. जूनपासून कपाटात ओल शिरते, बुरशी येते, वाळवी लागते. पुस्तकं भिंतीपासून हातभर दूर ठेवा, ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा. सर्वांत चांगला उपाय म्हणजे पुस्तक घरोघर फिरतं ठेवणं. हाताळलेल्या पुस्तकाला वाळवी कमी लागते. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली एखाद्या ताईकडे द्या, समितीच्या पाकिटात नको.

महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. नियमात बसणाऱ्या वाचनालयाला शासनमान्यता आणि दर्जाप्रमाणे अनुदान मिळू शकतं. त्यासाठी नोंदणी, पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांचा हिशोब लागतो. तो आज पहिल्या दिवसापासून नीट ठेवावा. अनुदान मिळो न मिळो, वही तर राहील.

मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी येतात. मुंबई मंडळाला आमची विनंती आहे की येताना प्रत्येक घराने लहान मुलाचं एक पुस्तक आणावं, आत मुलाचं नाव लिहून विहारात द्यावं. नगर वाचनालयाच्या सभासदत्वासाठी ज्या घरांना अनामत जड जाते त्यांची यादी महिलामंडळाने करावी. पहिल्या पाच मुलांची अनामत आम्ही आणि आमचे गिरणीतले जुने सोबती भरू. येत्या रविवारी सकाळी दहाला मुलांना घेऊन आम्ही वाचनालयात जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी विहाराच्या पायरीपाशी जमावे.

जयभीम! नमो बुद्धाय!