चौथऱ्याविना उभी माणसे

शहराने नदीकाठ नव्याने सजवला की तिथे पुतळा येतोच, बहुधा उंच चौथऱ्यावर. डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठी मात्र तो थेट फरसबंदीवर उभा आहे. १९८७ नंतर इथल्या जुन्या गोदीत वित्तसंस्थांची काचेरी कार्यालये आली. त्यांच्याजवळच, कस्टम हाऊसच्या धक्क्यावर, १९९७ मध्ये रोवन गिलेस्पी यांचे ‘फॅमिन’ हे शिल्प उभे राहिले. हाडांचा सापळा झालेली ब्राँझची माणसे जहाजाकडे चालली आहेत. एकाच्या खांद्यावर निपचित देह, मागे एक कुत्रा.

१८४५ पासून बटाट्याचे पीक कुजत गेले. सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळपास तेवढीच देशोधडीला लागली. धान्य मात्र जहाजांतून बाहेर जातच होते.

टोरांटोच्या सरोवराकाठी २००७ मध्ये गिलेस्पींनीच पोहोचलेली माणसे घडवली. ती पाचच आहेत, डब्लिनहून निघालेल्यांपेक्षा कमी. १८४७ साली तिथे उतरलेल्यांपैकी अकराशेहून अधिक दगावले होते.

मी कविता लिहितो. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेचे मोल मला ठाऊक आहे. इथे ती जागा म्हणजे अख्खा अटलांटिक! काठ जरूर सजवावेत. पण तिथून उपाशीपोटी गेलेल्यांनाही उभे राहायला जागा द्यावी, एवढेच माझे म्हणणे.