सावडीचा हिशेब



महाशिवरात्र सरली की सोलापूर, बीड, धाराशिवच्या काळ्या रानांत ज्वारीची काढणी सुरू होते. शहरातल्या मराठी माणसाचा वसंत पळसाच्या फुलांत असतो. या मुलखातल्या कुटुंबाला तो तळहातावरच्या फोडांतून कळतो. हस्ताच्या ओलीवर पेरलेली मालदांडी चार महिन्यांनी वाळते. तोवर जमीन भेगाळून टणक झालेली असते आणि तिच्यातून एकेक ताट मुळासकट उपटावे लागते. पेंढ्या पहाटेच बांधायच्या, पानांवर दव आहे तोवर. ऊन चढले की पाला चुरतो आणि जनावराच्या तोंडचा घास मातीत जातो. मग कणसे मोडायची, कडबा रचायचा, खळ्यावर मळणी करायची. एवढे काम मोजक्या दिवसांत एका घराच्या हातून उरकणे नाही. त्या निकडीतून सावड निपजली. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. दिवसाची फेड दिवसाने, मध्ये पैसा नाही.

या प्रथेत कुणाला समाजवादाचे देशी रोप दिसले तर नवल नाही. सावडीत मुकादम नसतो, आणि राबणारा परक्याच्या हुकुमावर राबत नाही. हे मोल खरेच आहे, ते कुणी नाकारू नये.

पण सावड बरोबरीच्यांत चालते. फेड घ्यायला स्वतःचे रान लागते. ज्याला रानच नाही त्याने आपल्या दिवसाची फेड कशात घ्यायची? तो त्याच शेतात मजूर म्हणून येतो. खळ्याचेही तसेच. गावाची रास जिथे पडे, तिथेच बलुतेदार आपल्या वाट्यासाठी तिष्ठत, आणि अस्पृश्य मानलेले तर अंतरावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या ‘सहकार्या’ची दुसरी बाजू ओळखूनच. ती वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. जुन्या गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना ही तीस वर्षे सहसा आठवत नाहीत!

घराच्या आतही तोच प्रकार. सावड फेडायला जाते ती बहुधा घरची बाई. भाकरी थापून, पाणी भरून, पोराला बांधावर झोळीत टाकून ती पराया रानात वाकते. फेड मात्र ‘घराच्या’ नावे जमा होते, आणि घर म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. नवऱ्याच्या रानात जन्म घालवणाऱ्या सुनेचे नाव त्या कायद्यानेही उताऱ्यावर आपोआप चढत नाही. मजुरीवर गेली तर पुरुषाहून कमी रोज. वास्तविक समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. बाईचे काम हलके, हे त्याचे ठरीव समर्थन. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामावर खोदलेल्या मातीचे माप घेऊन मजुरी चुकती होऊ लागली. माप घेणाऱ्या पट्टीला बाई-पुरुष कळत नव्हते.

आता मळणीयंत्राने खळी मोडली आहेत. काढणीच्या ऐन दिवसांत बीडकडची कितीतरी कुटुंबे उसाच्या फडावर असतात, त्यामुळे सावडीला माणूसच उरत नाही. उपटणी मात्र अजून बहुतेक हातांनीच होते, आणि मजुरीचा भाव त्या चार दिवसांत प्रत्येक बांधावर स्वतंत्र ठरतो. म्हणून पक्षाच्या शाखांनी फाल्गुनापूर्वीच गावसभेत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: उपटणीचा दर पेंढीवर आणि स्त्री-पुरुषांना एकच, भूमिहीन मजुराच्या घरी शेळी-गाय असेल तर मजुरीत कडब्याचा वाटा, आणि सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज. पहिला अर्ज शाखेच्या अध्यक्षाने आपल्या घरचा द्यावा.