परदेशाने बाबासाहेबांना काय दिले?

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशात जाऊन राहिल्याने माणसाला स्वतःला काय मिळते, असा विषय आम्हांला दिलेला आहे. याचे सोपे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. पगार मिळतो, गावी घर बांधता येते आणि लग्नाच्या बाजारात भाव वधारतो. त्याबद्दल आम्ही काही बोलत नाही. ते बोलायला घरोघरी मामा-काका बसलेले आहेत. आम्ही बोलणार आहोत ते पासबुकात न दिसणाऱ्या मिळकतीबद्दल.

प्रवास आपल्या धम्माला परका नाही. तथागतांनी पंचेचाळीस वर्षे चारिका केली, आणि भिक्खूंना एका वाटेने दोघे जाऊ नका असे सांगून दाही दिशांना पाठविले. आपल्या मराठी मुलखातलेच उदाहरण घ्यायचे तर गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी. बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून १८९९ साली ते घराबाहेर पडले, आणि पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ साली सिलोनला पोहोचले. आपल्याच भूमीतला धर्म शिकण्यासाठी एका मराठी माणसाला समुद्र ओलांडून जावे लागले! पुढे याच कोसंबींना १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. त्यांना दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य देणारे होते बडोद्याचे सयाजीराव महाराज. आणि त्याच महाराजांनी तीन वर्षांनी दुसऱ्या एका तरुणाला अमेरिकेला पाठविले. आता त्या तरुणाकडे वळू.

जून १९१३. बाबासाहेब बावीस वर्षांचे. चारच महिन्यांपूर्वी, २ फेब्रुवारीला, वडील रामजीबाबा गेलेले. घरात रमाई, लहान मूल आणि भावाचा संसार. बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. करारावर सही झाली आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला उतरले. विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. चरित्रकार सांगतात की, सुरुवातीचे काही महिने बाबासाहेबही मित्रमंडळींत, नाटक-खेळांत रमले होते. मग एका रात्री त्यांना आपल्या घरची आठवण झाली, आपण कशाकरिता आलो आहोत ते ध्यानात आले, आणि तेथून अठरा-अठरा तासांचा अभ्यास सुरू झाला. आम्हांला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. भिंतीवरच्या तसबिरीतले बाबासाहेब आणि वसतिगृहातला बावीस वर्षांचा भीमराव यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते या रात्रीने आपल्यापुरते थोडे कमी होते.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काय वाचले याची मोजणी झालेली आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन. शिवाय फ्रेंच आणि जर्मन. म्हणजे पदवीला लागते तेवढे घेऊन थांबणारा हा विद्यार्थी नव्हता. शिकवायला जॉन ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन यांच्यासारखे प्राध्यापक. १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत बाबासाहेबांनी लिहिले की, आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तेथील काही सहाध्यायी आणि हे प्राध्यापक. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसविले जात होते, त्याने जगप्रसिद्ध गुरूंना 'मित्र' म्हणावे! ही मिळकत कोणत्या खात्यात जमा करायची? आणि नवल भथेना हे पारशी गृहस्थ, वसतिगृहातले त्यांचे सोबती, हे तर जन्माचे स्नेही झाले. १९२० साली पुन्हा लंडनला निघताना पाच हजार रुपये याच भथेनांनी उसने दिले. शाहू महाराजांचेही साहाय्य होतेच.

९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. वय पंचवीस. जातीच्या चटक्यांत वाढलेला माणूस जातीची यंत्रणा एखाद्या शास्त्रज्ञासारखी उलगडून दाखवितो. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याने, आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह कसे राबविले गेले, हे त्यांनी तेथे सांगितले. आम्हांला वाटते, हा निबंध मुंबईच्या चाळीत बसून लिहिता आला नसता. बुद्धी येथेही तीच होती. पण घाव रोज नवा होत असेल तर त्याचे परीक्षण करता येत नाही. हजारो मैलांच्या अंतराने ती उसंत दिली.

अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असे मात्र कोणी समजू नये. कोलंबियाला लागूनच हार्लेम आहे. काळ्या लोकांना त्या देशात काय भोगावे लागत होते ते बाबासाहेबांनी पाहिले-वाचले. गुलामी संपविणाऱ्या देशातही समता कागदावर राहू शकते, हा धडा त्यांना तेथे मिळाला असला पाहिजे. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे तेथील निग्रो काँग्रेसने केलेल्या अर्जाची प्रत मागितली. तीस वर्षांपूर्वीचा शेजार ते विसरले नव्हते.

आता मुख्य मुद्दा. १९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब परत आले आणि करारानुसार बडोद्याला गेले. पुढचे सर्व 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकारूपाने काढल्या. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही म्हणून ते पारशी खानावळीत खोट्या पारशी नावाने राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. कोणी मित्र घरात घेईना. पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ही हकीगत आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. पण तिच्या आरंभी त्यांनी एक गोष्ट नोंदविली आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. ते सांगतात की, परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताना, आता जायचे कोठे, हा प्रश्न पडला तेव्हा ती परत आली.

मित्रहो, त्या पुसले जाण्याचा विचार करा. चार वर्षे कोणी पाणी वरून ओतले नाही. वाचनालयात शेजारी बसणारा उठून गेला नाही. घर भाड्याने घेताना आडनावावरून चौकशी झाली नाही. विद्या त्यांनी येथेही मिळविली असती, पदव्याही मिळविल्या असत्या. पण आपण माणूस आहोत हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि चार वर्षे ते रोज जगणे वेगळे. ज्याने ते जगून पाहिले, त्याला बडोद्याचा अपमान नशीब म्हणून गिळता येत नाही. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जी ओंजळ भरली गेली, तिच्यामागे न्यूयॉर्कचा तो साधा पाण्याचा पेलाही होता, असे आमचे मत आहे. ते कोणाला पटो न पटो.

लंडनचे दुसरे पर्व सुखाचे नव्हते. वाचनालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन, दुपारचे जेवण जवळजवळ नाहीच, रात्री भुकेला चहा आणि भाजलेले पापड. तेथेच रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध तयार झाला, १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जेथे १९२१-२२ मध्ये ते राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. लंडनला कोणी जाल तर ते अवश्य पाहा. पण घर पाहताना पापडही आठवा. आणि परळला चाळीत राहून, मुलांची आजारपणे आणि मृत्यू सोसत, शेवटपर्यंत एक तक्रारीचा शब्द न काढणाऱ्या रमाईही आठवा. परदेशगमनाची किंमत जो जातो तो एकटा देत नाही.

आजची स्थिती काय? आपली मुले-मुली आता लंडन, बर्लिन, मेलबर्नला जात आहेत. पण बाबासाहेबांना मिळालेली ती चार वर्षे त्यांना जशीच्या तशी मिळतील याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. ज्ञानकोशकार केतकरांनी कॉर्नेल विद्यापीठात जातीवर प्रबंध लिहिला होता. हिंदू जेथे जातील तेथे जात नेतील आणि ती जगाचा प्रश्न होईल, हे त्यांचे म्हणणे बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात उद्धृत केले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा ठराव करावा लागला. कॅलिफोर्नियात तसाच कायदा विधिमंडळाने संमत केला, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी तो नामंजूर केला. म्हणजे सामानात जात भरून नेणारे तेथेही भेटतील. तयारीने जावे.

दुसरी एक गोष्ट याहून अधिक टोचते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकण्यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. तिच्या २०२२-२३ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. कारण असे सांगितले गेले की, हे विषय भारतातच शिकता येतात. त्या नियमाच्या चौकटीत 'कास्ट्स इन इंडिया' लिहायला निघालेल्या भीमरावांचा अर्ज बसला असता काय? सयाजीरावांनी तसला नियम केला नव्हता.

बँकेत आमच्या खिडकीशी येणारे पालक विचारतात, "भाऊ, पोराला बाहेर पाठवायचंय, पण तारण काय ठेवू? भाड्याची खोली?" शैक्षणिक कर्जाची रक्कम मोठी झाली की बहुधा तारण लागतेच, हे त्यांना सांगताना आमचीही मान खाली जाते. म्हणून आधी शिष्यवृत्तीचा मार्ग पाहावा. केंद्राच्या शिष्यवृत्तीखेरीज आपल्या राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अडते कोठे, तर कागदांत. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र. यातला एखादा कागद उशिरा येतो आणि वर्ष जाते. पासपोर्टचा अर्ज तर बारावी होताच करावा. मुलींच्या पालकांना विशेष विनंती. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर बाबासाहेबांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले, त्यात मुलांबरोबरीने मुलींचे शिक्षण झाले तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल असे कळविले होते. तेव्हा अर्ज मुलीचाही भरा.

समारंभ संपल्यावर आम्ही आणि कार्यकारिणीतील दोन सभासद ग्रंथालयात बसणार आहोत. ज्यांना कागदपत्रांची यादी हवी असेल, त्यांनी वही-पेन घेऊन यावे.

नमो बुद्धाय. जय भीम.